गच्चीवरचा टॉवर आणि इमारतीतला कॅन्सर: दावा तपासायचा कसा?

"डॉक्टर, आमच्या समोरच्या बिल्डिंगवर टॉवर आहे. आमच्या विंगमध्ये पाच वर्षांत चार जणांना कॅन्सर झाला. आम्ही घर विकावे का?"

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर किंवा अंधेरी, उपनगर कोणतेही असो, हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी विचारला जातो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा व्हिडिओ येतो, सर्वसाधारण सभेत वाद होतो, कोणीतरी 'टॉवर हटाव'चे निवेदन तयार करते आणि सह्यांसाठी दारोदार फिरते. सही करावी की नाही, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. विचारणारा घाबरलेला असतो आणि त्याची भीती खरी असते. म्हणून "काही होत नाही हो" असे म्हणून त्याला वाटेला लावणे योग्य नाही आणि पुराव्याशिवाय मान डोलावणेही योग्य नाही.

या लेखात आपण तीन गोष्टी पाहू. मोबाइल टॉवरमुळे कॅन्सर होतो या दाव्याला आज किती आधार आहे? अशा दाव्यांची तपासणी सामान्य माणसाने कशी करावी? आणि याच मुंबईत कार्यकर्त्यांचा इशारा कुठे खरा ठरला?

हा वाद मुंबईत कसा वाढला?

भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. २००५ नंतर ग्राहक झपाट्याने वाढले, तसे इमारतींच्या गच्च्यांवर अँटेनाही वाढले. २०१० मध्ये आयआयटी मुंबईतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी टॉवरच्या किरणोत्सर्गाच्या धोक्यांविषयी केंद्राच्या दूरसंचार विभागाला अहवाल दिला. त्याच सुमारास दक्षिण मुंबईतील कारमायकेल रोडवरच्या एका इमारतीतील अनेक रहिवाशांना कॅन्सर झाल्याच्या आणि समोरच्या इमारतीवर मोबाइलचे अँटेना असल्याच्या बातम्या गाजल्या. अभिनेत्री जुही चावला यांनीही मलबार हिल परिसरातील टॉवरविरुद्ध आवाज उठवला.

मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा गट २-बी मध्ये टाकले. त्यानंतर १ सप्टेंबर २०१२ पासून केंद्र सरकारने टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॉटवरून ०.४५ वॉट झाली.

सरकारने मर्यादा दहापट कडक केली म्हणजे धोका सिद्ध झाला, असा अर्थ अनेकांनी घेतला. प्रत्यक्षात तो सावधगिरीचा निर्णय होता. सावधगिरी बाळगणे चांगलेच, पण सावधगिरी म्हणजे पुरावा नव्हे.

"आमच्याच इमारतीत इतके का?"

टॉवरविरोधी निवेदनातला सर्वात परिणामकारक मुद्दा हाच असतो. म्हणून आधी साधा हिशेब करू.

भारतात २०२२ मध्ये कॅन्सरचे अंदाजे १४ लाख ६० हजार नवे रुग्ण आढळले, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे. म्हणजे दर एक लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १००. आयुष्यभराचा विचार केला तर नऊपैकी एका भारतीयाला कधी ना कधी कॅन्सर होण्याची शक्यता आहे.

आता १०० फ्लॅटची एक सोसायटी घ्या. घरटी चार माणसे धरली तर ४०० रहिवासी. लाखामागे १०० या दराने तिथे वर्षाला ०.४ आणि दहा वर्षांत ४ रुग्ण होतील. टॉवर असो वा नसो. ही झाली सरासरी. मुले परदेशी किंवा दुसऱ्या उपनगरात गेली आहेत आणि मागे आई-वडील राहिले आहेत, अशी जुनी सोसायटी असेल तर आकडा सहज वाढतो, कारण कॅन्सरचा सर्वात मोठा धोकाघटक म्हणजे वय.

शिवाय सरासरी ४ असली तरी प्रत्येक सोसायटीत बरोबर चारच रुग्ण होणार नाहीत. कुठे एक, कुठे दोन, कुठे सात. संख्याशास्त्राच्या नियमाने, सरासरी ४ असताना निव्वळ योगायोगाने ८ किंवा त्याहून जास्त रुग्ण होण्याची शक्यता सुमारे ५ टक्के आहे. म्हणजे अशा १,००० सोसायट्या घेतल्या तर ५० सोसायट्यांत दहा वर्षांत आठ किंवा अधिक रुग्ण निघतील आणि त्यामागे वेगळे कारण काहीही नसेल. मुंबईच्या उपनगरांत सोसायट्या हजारोंनी आहेत. बातमी मात्र त्या पन्नासांचीच होते. ज्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर आहे आणि दहा वर्षांत एकच रुग्ण झाला, तिथे वार्ताहर कशाला जाईल?

गणपतीत हाउजी खेळताना कोणाचे तरी फुल हाउस लागतेच. ज्याचे लागले त्याची खुर्ची शुभ होती, असे आपण म्हणत नाही. निकाल लागल्यानंतर कारण शोधायला बसलो की जवळ जे दिसेल ते कारण वाटू लागते, आणि गच्चीवरचा टॉवर तर सगळ्यांना रोज दिसतो.

याचा अर्थ एकाच ठिकाणी जास्त रुग्ण आढळले तर दुर्लक्ष करावे, असा नाही. तपासताना तीन गोष्टी पाहाव्यात.

१. सर्वांना एकाच प्रकारचा कॅन्सर आहे का? एकाला आतड्याचा, एकीला स्तनाचा, एकाला प्रोस्टेटचा आणि एकाला तंबाखूमुळे तोंडाचा असेल तर ते चार वेगळे आजार आहेत. त्यांची कारणेही वेगळी आहेत.

२. वेळ जुळते का? बहुतेक घट्ट गाठींचे कॅन्सर तयार व्हायला दहा-वीस वर्षे लागतात. टॉवर तीन वर्षांपूर्वी बसला आणि निदान गेल्या वर्षी झाले, तर गाठीची सुरुवात बहुधा टॉवरच्या आधीची आहे.

३. रुग्ण त्या घरात किती वर्षे राहत होता? भाडेकरू म्हणून दोन वर्षांपूर्वी आलेला रुग्ण त्या इमारतीच्या खात्यात मांडता येत नाही.

टॉवरच्या लहरी शरीरात काय करतात?

'रेडिएशन' या एकाच शब्दाने बराच घोळ केला आहे. क्ष-किरण, गॅमा किरण आणि सूर्याच्या अतिनील किरणांचा काही भाग यांत पेशीतील डीएनएचे बंध तोडण्याइतकी किंवा बिघडवण्याइतकी ऊर्जा असते. त्यांच्यामुळे कॅन्सर होऊ शकतो, याबद्दल दुमत नाही.

मोबाइलच्या लहरी रेडिओ आणि टीव्हीच्या लहरींच्या कुळातल्या आहेत. त्यांच्या एका कणाची ऊर्जा आपल्याला दिसणाऱ्या साध्या प्रकाशापेक्षाही लाखपटीहून कमी असते. ५-जीच्या लहरींनाही हेच लागू आहे. त्या डीएनएचा बंध थेट तोडू शकत नाहीत. त्यांचा नक्की माहीत असलेला परिणाम म्हणजे जास्त तीव्रतेला ऊतींचे तापमान वाढणे, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा त्या तीव्रतेच्या बऱ्याच खाली ठरवलेल्या आहेत.

आणखी दोन गोष्टी सभेत सांगण्यासारख्या आहेत.

पहिली, अँटेनाचा झोत टॉर्चसारखा समोर, जवळजवळ आडवा जातो. त्यामुळे ज्या गच्चीवर टॉवर आहे तिच्या थेट खालच्या फ्लॅटमध्ये लहरी तुलनेने कमी असतात. समोरच्या, त्याच उंचीच्या इमारतीत त्या जास्त असू शकतात. मात्र अंतर वाढेल तशी तीव्रता फार वेगाने घटते. अंतर दुप्पट झाले की ती साधारण एक चतुर्थांश होते.

दुसरी, तुमच्या डोक्यापर्यंत पोहोचणाऱ्या लहरींचा मोठा वाटा टॉवरचा नसून कानाला लावलेल्या फोनचा असतो. टॉवर लांब असेल, सिग्नल कमकुवत असेल, तर फोन जास्त ताकदीने लहरी सोडतो. परिसरातला टॉवर हटवला की फोनवर बोलताना डोक्याला मिळणाऱ्या लहरी उलट वाढू शकतात. 'टॉवर हटाव'च्या निवेदनात ही बाजू क्वचितच लिहिलेली असते.

माणसांवरचे अभ्यास काय सांगतात?

पेशीत नेमके काय घडते ते कळत नाही म्हणून धोका नाहीच, असे म्हणणेही अवैज्ञानिक ठरेल. धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे यंत्रणा पूर्ण कळण्याआधीच लोकांच्या अभ्यासातून सिद्ध झाले होते. म्हणून शेवटी पाहायचे ते माणसांवरचे अभ्यास.

टॉवरबद्दल: ब्रिटनमध्ये २०१० साली 'बीएमजे' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. लहानपणी कॅन्सर झालेली १,३९७ मुले आणि तुलनेसाठी ५,५८८ मुले घेऊन, आई गरोदर असताना घर टॉवरपासून किती अंतरावर होते ते तपासले. टॉवरजवळच्या घरांत कॅन्सर जास्त आढळला नाही.

फोनबद्दल: १३ देशांतल्या 'इंटरफोन' अभ्यासात (२०१०) एकूण वापरकर्त्यांमध्ये मेंदूच्या गाठींचा धोका वाढलेला दिसला नाही. पण सर्वात जास्त, म्हणजे एकूण १,६४० तासांहून अधिक बोललेल्या गटात ग्लायोमा नावाच्या गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त दिसले. संशोधकांनी स्वतःच सांगितले की रुग्णांनी आठवणीतून दिलेले तास अचूक नसतात, त्यामुळे यावरून कारण ठरवता येत नाही. आयएआरसीच्या २-बी वर्गीकरणामागे अशाच निष्कर्षांचा आधार होता.

आठवणीवर अवलंबून नसलेले अभ्यास वेगळे चित्र दाखवतात. डेन्मार्कमध्ये साडेतीन लाखांहून अधिक मोबाइल ग्राहकांच्या नोंदी कॅन्सर नोंदणीशी जोडून पाहिल्या (२०११). मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. ब्रिटनमधील सुमारे ७ लाख ७६ हजार महिलांचा सरासरी चौदा वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचा (२०२२) निष्कर्षही तोच आला. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, १९९४ ते २०२२ मधील ६३ शोधनिबंधांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांत संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून अधिक वापरातही नाही.

सर्वात साधी कसोटी अशी. फोनमुळे मेंदूचे कॅन्सर होत असते, तर तीस वर्षांत नॉर्वे, स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा चांगली नोंदणी असलेल्या देशांत त्यांचा आलेख फोनच्या मागोमाग चढला असता. तसा तो चढलेला नाही.

दुसरी बाजूही ऐकू

काही निष्कर्ष याच्या विरुद्ध जातात आणि ते लपवण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवरचे निकाल जाहीर केले. दिवसाला नऊ तास, संपूर्ण शरीरावर, तीव्र लहरी सोडलेल्या नर घुशींमध्ये हृदयातील एका दुर्मीळ प्रकारच्या गाठी आढळल्या. मादी घुशी आणि छोट्या उंदरांमध्ये तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही. लहरी मिळालेल्या नर घुशी लहरी न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगल्या, हेही त्याच अहवालात आहे. या मात्रा टॉवरमुळे घरात मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होत्या.

दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की अभ्यासाला पैसा कोणी दिला आणि त्याचा दर्जा काय, यांचा निष्कर्षांशी संबंध दिसतो. दहा वर्षांहून अधिक वापरात धोका काहीसा वाढल्याचे त्यांच्या विश्लेषणात आले. कंपन्यांच्या पैशातून झालेल्या संशोधनाकडे संशयाने पाहा, हा कार्यकर्त्यांचा सल्ला म्हणून रास्त आहे. फक्त तोच संशय 'रेडिएशन-रोधक' पडदे, चिप आणि स्टिकर विकणाऱ्यांच्या दाव्यांवरही घ्यावा. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली, मोबाइलचे रेडिएशन कमी करणारी चिप सादर केली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी त्याचा पुरावा मागितला होता. मागायलाच हवा.

आयएआरसीच्या सल्लागार गटाने रेडिओ लहरींचे नव्याने मूल्यांकन करण्याची शिफारस केली आहे. नवा पुरावा आला तर मत बदलावे. मात्र हा सगळा वाद कानाला लावलेल्या फोनबद्दल आहे. घरात टॉवरपासून मिळणारी मात्रा त्याहून कितीतरी कमी असते आणि तिच्याविरुद्धचा पुरावा आणखीच तोकडा आहे.

'२-बी' म्हणजे नेमके काय?

आयएआरसीचे गट हे धोका *किती मोठा* आहे ते सांगत नाहीत. पुरावा *किती पक्का* आहे ते सांगतात. गट १ म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे पक्के. गट २-बी म्हणजे पुरावा मर्यादित, शक्यता नाकारता येत नाही.

• गट १ मध्ये आहेत: तंबाखू, सुपारी, दारू, ॲस्बेस्टॉस, बेंझीन, डिझेलचा धूर आणि २०१३ पासून बाहेरच्या हवेतील प्रदूषण.

• गट २-बी मध्ये रेडिओ लहरींच्या शेजारी आहेत: कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क, आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्या आणि २०२३ पासून ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा.

ज्या सभेत टॉवरवर दोन तास चर्चा होते, तिथून बाहेर पडून किती जण सुपारी तोंडात टाकतात, हे एकदा मोजून पाहावे.

न्यायालयाचा आदेश म्हणजे पुरावा का?

निवेदनांसोबत न्यायालयाच्या आदेशांची कात्रणे जोडलेली असतात. २०१७ मध्ये ग्वाल्हेरमधील एका कॅन्सररुग्णाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एक टॉवर बंद करायला सांगितला, ही बातमी आजही फिरते. पण दुसऱ्या बाजूचे आदेशही आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने सांगली जिल्ह्यातील चिकुर्डे ग्रामपंचायतीचा टॉवर बंद करण्याचा ठराव रद्द केला, कारण किरणोत्सर्गाने अपाय होतो हे दाखवणारा शास्त्रीय आधार पुढे आला नव्हता. जुही चावला यांचा ५-जीविरोधी दावा दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०२१ रोजी फेटाळला आणि २० लाख रुपयांचा दंड केला. पुढे २०२२ मध्ये तो २ लाखांवर आणला गेला.

न्यायालय समोर आलेल्या कागदांवर आणि कायद्यावर निर्णय देते. टॉवर बंद झाला म्हणून रोगाचे कारण सिद्ध होत नाही आणि दावा फेटाळला म्हणून विज्ञानाचा प्रश्न मिटत नाही. आपल्या बाजूचे एकच कात्रण दाखवणाऱ्याला दुसरेही मागावे.

घाटकोपरचा कारखाना: इशारा खरा होता तेव्हा

इथपर्यंत वाचून 'कार्यकर्ते उगाच घाबरवतात' असा समज झाला असेल, तर घाटकोपरची गोष्ट वाचायलाच हवी.

घाटकोपरमध्ये हिंदुस्थान फेरोडो, पुढे हिंदुस्थान कम्पोझिट्स, या कंपनीचा कारखाना होता. तिथे ॲस्बेस्टॉस वापरले जाई. दम लागणारे, खोकणारे कामगार डॉक्टरकडे गेले की दीर्घकालीन ब्राँकायटिस किंवा क्षयाचे निदान व्हायचे. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणारे विजय कान्हेरे आणि शल्यचिकित्सक डॉ. व्ही. मुरलीधर यांनी कायम कामगारांची पद्धतशीर तपासणी केली. कामाचा इतिहास, छातीचे एक्स-रे, फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचण्या, सगळे आंतरराष्ट्रीय निकषांनुसार. २३२ पैकी १८१ कामगार सहभागी झाले आणि त्यांतल्या २२ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. हा अभ्यास २००५ मध्ये 'एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ॲस्बेस्टॉसिस हा कॅन्सर नव्हे, पण फुप्फुसात ॲस्बेस्टॉस मोठ्या प्रमाणात गेल्याचा तो पुरावा आहे आणि अशा माणसाला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो.

त्या शोधनिबंधात लेखकांनी डॉक्टरांवरही बोट ठेवले आहे. अपुरे प्रशिक्षण, चुकीची निदाने आणि कामगारांकडे पाहण्याची मध्यमवर्गीय डॉक्टरांची दृष्टी. आम्हा डॉक्टरांना ते वाचायला बरे वाटत नाही, पण वाचायला हवे. १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची तपासणी, नोंदी आणि भरपाई यांबाबत आदेश दिले होते. प्रत्यक्षात भरपाई मिळालेले कामगार देशभरात तीसहूनही कमी होते, असे याच निबंधात म्हटले आहे.

टॉवर आणि ॲस्बेस्टॉस यांच्या दाव्यांत फरक कोणता? ॲस्बेस्टॉसमध्ये जितका जास्त आणि जितकी जास्त वर्षे संपर्क, तितका जास्त आजार दिसतो. मेसोथेलिओमासारखा, एरवी फार दुर्मीळ असलेला कॅन्सर त्याच्याशी जोडला गेला आहे. तंतू फुप्फुसात प्रत्यक्ष सापडतात. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या संशोधकांना तेच निष्कर्ष मिळाले. आणि घाटकोपरमध्ये कार्यकर्त्यांनी घोषणेवर न थांबता एक्स-रे काढले, माणसे मोजली, आकडे छापले. टॉवरच्या बाबतीत यांतले काहीच ठामपणे उभे राहिलेले नाही.

असाच विचार माहुलबद्दल करता येईल. चेंबूरजवळच्या माहुल-आंबापाडा भागातील हवेत बाष्पशील रसायनांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये तिथल्या कंपन्यांना मोठी भरपाई भरण्याचे आदेश दिले. अशा रसायनांतले बेंझीन रक्ताच्या कॅन्सरशी जोडलेले आहे. तिथल्या एखाद्या रुग्णाचा कॅन्सर त्याच हवेमुळे झाला असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तिथे मोजता येणारे प्रदूषण आहे आणि ओळखीचा घातक पदार्थ आहे. त्या मागणीला सही करताना हात आखडण्याचे कारण नाही.

निवेदनावर सही करण्याआधी सहा प्रश्न

१. नेमका कोणता घटक, कोणत्या कॅन्सरला कारण आहे असा दावा आहे? 'सगळे आजार' हे उत्तर असेल तर सावध व्हा.

२. आपल्या घरात त्या घटकाचे प्रमाण कोणी मोजले आहे का, आणि मर्यादेशी तुलना केली आहे का?

३. संपर्क आणि आजार यांत पुरेशी वर्षे गेली आहेत का?

४. जास्त संपर्क असलेल्यांत जास्त आजार दिसतो का?

५. रुग्णांची संख्या अपेक्षेपेक्षा खरोखर जास्त आहे का? वय धरून हिशेब केला आहे का?

६. दावा खरा किंवा खोटा ठरल्याने कोणाचा फायदा आहे? कंपनीचा, उपकरण विकणाऱ्याचा, की सोसायटीतल्या एखाद्या गटाचा?

चुकीच्या भीतीची किंमत

"घाबरले तर बिघडले कुठे?" असे काही जण विचारतात. बिघडते ते असे.

स्तनात गाठ असलेली बाई 'टॉवरमुळे झाले' म्हणून फ्लॅट बदलण्याच्या खटपटीत दोन महिने घालवते, तर ते दोन महिने उपचारांचे असतात. मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला की आई-वडील 'आपण या घरात का आलो' म्हणून स्वतःला दोष देत राहतात आणि तो दोष निराधार असतो. सर्वात मोठे नुकसान म्हणजे जे कारण हातात आहे ते बाजूला पडते.

महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ मध्ये आली. टॉवरची मर्यादा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कडक झाली. टॉवरवर मोर्चे निघाले. गुटखा आजही स्टेशनबाहेर मिळतो, आणि त्याविरुद्ध सह्यांचे निवेदन घेऊन कोणी दारात येत नाही. भारतातल्या एकूण कॅन्सरपैकी सुमारे २७ टक्के तंबाखूशी निगडित आहेत, असे राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाने २०२० च्या अहवालात म्हटले होते.

याउलट, काय केल्याने जीव वाचतात याचा पुरावा मुंबईतच तयार झाला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिलांवर मोठा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. याच अभ्यासात हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग आता काय करावे?

टॉवरबद्दल शंका असेल तर:

• दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर तुमच्या परिसरातील टॉवर नियम पाळतात का ते पाहता येते. शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणीही करता येते. सोसायटीने वाद घालण्याआधी मोजणी करून घ्यावी.

• टॉवरला परवानगी आहे का, जुन्या इमारतीच्या गच्चीला त्याचा भार पेलतो का, जनरेटरचा आवाज आणि धूर होतो का, भाड्याचा हिशेब सभेपुढे येतो का, हे रास्त प्रश्न आहेत. त्यांच्यासाठी कॅन्सरची भीती पुढे करण्याची गरज नाही.

• लांब बोलायचे असेल तर इअरफोन किंवा स्पीकर वापरा. सिग्नल कमी असताना फार वेळ बोलू नका. एवढी काळजी पुरेशी आहे. चिप, स्टिकर, पडदे यांवर पैसे घालवू नका.

कॅन्सरची काळजी असेल तर:

• तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारी आणि सिगारेट बंद. दारू जितकी कमी तितके बरे.

• तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करून घ्या. मुलींच्या एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

• तोंडातली तीन आठवड्यांत न भरणारी जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा न थांबणारा खोकला दिसला की डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

• ॲस्बेस्टॉस, रसायने, बांधकामाची धूळ यांत अनेक वर्षे काम केले असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. बरेचदा आम्ही विचारत नाही.

घर विकावे का, या प्रश्नाचे उत्तर: टॉवरमुळे तरी नाही. आणि तुमच्या विंगमधल्या त्या चार रुग्णांना कॅन्सरचे कारण शोधून देण्यापेक्षा केमोथेरपीच्या दिवशी परळपर्यंत सोबत आणि घरी डबा जास्त उपयोगी पडेल.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. लक्षणे असल्यास प्रत्यक्ष डॉक्टरांचा सल्ला घ्या.)*